टिल्लू डॉक्टरांचं लपण

पद्माकर टिल्लू यांच्याइतकं स्थिर बसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या कार्डिफच्या मंडळाच्या गणपतीत भलेभले लोक दुसऱ्या आरतीलाच पाय बदलायला लागतात. डॉक्टर मंत्रपुष्पांजलीपर्यंत एका पायावर भार देऊन तसेच उभे. मुलं त्यांना बगळाकाका म्हणायची. मी तोंडावर बकध्यानी म्हणायचे, कारण माझी जीभच तशी आहे, आणि बकध्यानात जी थोडी लबाडी असते ती डॉक्टरांच्या बसण्यात होतीच. ते बसायचे ते पाखरांना फसवायला.

पेशाने ते भूलतज्ज्ञ. चौऱ्याहत्तर साली मिरजेहून आले, इथल्या हॉस्पिटलात लागले, कन्सल्टंटच्या एक पायरी खाली राहिले आणि तिथूनच रिटायर झाले. त्याची खंत त्यांना नव्हती. दुसऱ्याला झोपवायचं आणि आपण त्याच्या उशाशी जागं बसायचं, हे काम त्यांना मानवलं होतं. सुट्टीच्या दिवशी तेच काम ते चिखलात करत. ओहोटी लागली की आमच्या किनाऱ्यावर लांबच लांब करडा चिखल उघडा पडतो. त्यात चोच खुपसून किडे वेचणारे लांब पायांचे पक्षी, हा त्यांचा ध्यास. त्यातही रेडशँक. अंगाने मातकट, कबुतराहून लहान, पाय मात्र शेंदूर फासल्यासारखे. सुलक्षणाताई, म्हणजे डॉक्टरांची बायको, त्यांना 'लालपाये' म्हणायच्या. अतिशय भित्रा पक्षी. एकाला शंका आली की तो किंचाळत उठतो आणि त्याच्यामागे सगळा किनारा रिकामा होतो.

अशा पक्ष्याचा फोटो डोळ्यातली चमक दिसेल इतक्या जवळून काढायचा, तर लपण लागतं. डॉक्टरांचं लपण म्हणजे चार काठ्यांवर ताणलेला हिरवट कापडाचा खोका. आत एक घडीची खुर्ची, पुढे लेन्सपुरतं भोक, मागे चेनचा पडदा. पण पक्षी काही आंधळे नसतात. माणूस खोक्यात शिरताना त्यांनी बघितला, की ते तासन् तास जवळ फिरकत नाहीत. यावर फोटोवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. दोघांनी जायचं. दोघांनी आत शिरायचं, मग एकाने बाहेर पडून, सगळ्यांना दिसेल असं, ऐटीत चालत निघून जायचं. पक्षी जाणाऱ्याकडे बघत राहतात, आणि तो दिसेनासा झाला की त्यांच्या लेखी लपण रिकामं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हे ऐकून मला फार मजा वाटली होती. पक्ष्यांना वजाबाकी येत नाही. दोनातून एक गेला की बाकी शून्य.

चालत जाणारं माणूस अर्थातच सुलक्षणाताई. जाडजूड बाई, गुडघे दुखरे, अंगात केशरी रेनकोट. चालताना त्या मोठमोठ्याने बोलत जायच्या, कांदे संपलेत, बँकेत जायचंय, गंधारला फोन करायचाय. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं, आवाज करत जा म्हणून. मागे वळून मात्र बघायचं नाही, कारण चालणारा वळला की पक्ष्यांना वाटतं मागे काहीतरी राहिलंय. मग त्या बांध चढून गाडीत जाऊन बसायच्या, रेडिओ लावायच्या आणि चिवडा खायच्या. आणि वेळ झाली की त्यांनीच परत यायचं. हे फार महत्त्वाचं. लपणातून अचानक माणूस उगवला तर पक्षी त्या जागेवर पुन्हा विश्वास ठेवत नाहीत. म्हणून आतला आपणहून बाहेर पडत नाही. त्याला आणायला यावं लागतं.

पंधराएक वर्षं हा संसार कार्डिफच्या खाडीत चालला. मग तिथे धरण बांधलं, नव्व्याण्णव सालच्या थंडीत समुद्राचं पाणी कायमचं बाहेर अडवलं, आणि चिखलाच्या जागी गोड्या पाण्याचं तळं झालं. आता तिथे रेस्टॉरंटं आहेत, आम्हीही जातो. लालपाये जागा शोधत पूर्वेला रिम्नी नदीच्या मुखाशी गेले आणि त्यांच्यामागे टिल्लू दांपत्य. ती जागा मला कधीच आवडली नाही. एका बाजूला शहराच्या कचऱ्याचा डोंगर, त्यावर घिरट्या घालणारे सीगल, विजेचे मनोरे, आणि बांधाच्या पलीकडे खाजण, खाऱ्या पाण्याची गवताळ दलदल. चिखल तिथे सारखा बारीक आवाज करत असतो, कढईत काहीतरी तडतडावं तसा. भरती समोरून लाटा घेऊन येत नाही. ती मागच्या ओहळांतून गुपचूप शिरते. समोर कोरडं दिसत असतं आणि पाठीमागे पाणी आलेलं असतं. उधाणाच्या दिवसांत तर सगळं खाजण बुडतं.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत, एका सकाळी, दोघं उजाडताना तिथे गेली. सुलक्षणाताई नेहमीप्रमाणे बडबडत गाडीकडे परत गेल्या. भरती चढायला लागली, पाण्याबरोबर पक्षी पुढे सरकायला लागले, डॉक्टरांचे फोटो झाले, आणि ते आणायला येण्याची वाट बघत बसले. पाणी गवतात शिरलं, बुटांना लागलं. त्यांना वाटलं, हिला गाडीत डुलकी लागली. शेवटी ते स्वतःच बाहेर पडले. थवा किंचाळत उठला. एवढी मेहनत वाया गेली म्हणून बायकोला काय सुनवायचं, त्याची वाक्यं मनात जुळवत ते बांध चढले. गाडीत रेडिओ चालू होता. सुलक्षणाताई सीटवर मान टेकून बसलेल्या होत्या, मांडीवर चिवड्याचा डबा. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. ज्या माणसाने आयुष्यभर परक्यांच्या उशाशी बसून त्यांचे श्वास राखले, त्याची बायको हाकेच्या अंतरावर एकटी गेली, आणि तो चिखलाकडे तोंड करून बसला होता. मला डॉक्टरांची दया आली आणि त्यांचा रागही आला. दोन्ही खरं.

उन्हाळाभर ते घरातच होते. शरदात पक्षी परतले, तसे डॉक्टरही पुन्हा रिम्नीला जायला लागले. आम्हाला बरंच वाटलं, माणूस घराबाहेर पडतोय म्हणून. नोव्हेंबरात त्यांनी मला आणि माझे यजमान शशिधर यांना स्लाइड्स बघायला बोलावलं. डॉक्टरांनी अजून डिजिटल कॅमेरा घेतला नव्हता. बैठकीच्या खोलीत अंधार करून ते एकेक स्लाइड सरकवत होते, आणि पक्षी इतके जवळ आलेले मी त्यांच्या फोटोंत कधी पाहिले नव्हते. शशिधरने सहज विचारलं, हल्ली तुमच्याबरोबर कोण येतं? डॉक्टर म्हणाले, कोणी नाही. मग पक्षी कसे बसतात? बसतात आता, एवढंच ते म्हणाले.

माझ्या एक गोष्ट लक्षात आली. दर खेपेच्या पहिल्या एकदोन स्लाइड्समध्ये सगळ्या पक्ष्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या होत्या. डावीकडे, चौकटीच्या बाहेर कुठेतरी. मी विचारलं, हे काय बघतायत? जाणाऱ्याकडे बघतायत, डॉक्टर म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली.  घरी येताना शशिधर म्हणाला, बांधावर कुत्रा असेल. मी म्हटलं, असेल. दर वेळी, त्याच वेळेला, तोच कुत्रा.

ख्रिसमसला त्यांचा मुलगा गंधार क्रॉयडनहून आला आणि चार दिवस राहून परत गेला. जाताना त्याने मला स्टेशनवरून फोन केला. पोराचा जन्म इथला, मराठी तोडकं, पण त्या दिवशी तो धडपडत मराठीतच बोलत होता.

"मंजिरीमावशी, बाबा ओके नाहीये. मी बांधवरून बघितला. तो टेंटचा झिप मागून उघडतो अँड देन ही जस्ट वेट्स, जसा कोणीतरी बाहेर जाते. मग बंद करतो. आणि पाणी आली तरी उठत नाही. मी ओढून काढला त्याला. आय सेड, डॅड, व्हॉट आर यू डूइंग? तो म्हणाला, आई आणायला येईल."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण पाण्यावर आहे. बुडालेल्यांच्या बातम्या दर वर्षी येतात. हा माणूस आणायला येईपर्यंत उठणार नव्हता, आणि ज्या बाईची तो वाट बघत होता ती येणार नव्हती. एक उधाण आणि थोडं धुकं, एवढंच पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या घरी जाऊन चक्क भांडले. शेवटी तह झाला. फक्त शनिवारी-रविवारी जायचं, मी बांधावर थांबणार आणि वेळ झाली की मी आणायला येणार. ते कबूल झाले. भूल देणाऱ्या माणसाला वेळेवर जागं करणाऱ्याची किंमत कळत असावी.

जानेवारी-फेब्रुवारीभर मी ते केलं. मी फक्त आणायला जायचे. लपणापर्यंत त्यांच्याबरोबर जाऊन परत येण्याचं काम त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाणी ओहळात शिरलं की मी खाजणातून चिखल तुडवत जायचे, पडद्याबाहेरून म्हणायचे, डॉक्टर, चला. चेन उघडायची आणि ते वाकून बाहेर यायचे. प्रत्येक वेळी आधी माझ्या खांद्यावरून मागे बघायचे. मग माझ्याकडे. त्या दोन नजरांच्या मधे त्यांचा चेहरा जो उतरायचा, तो बघणं मला जड जायचं. अपमानही वाटायचा, उगाच कशाला खोटं बोलू. मी गारठून उभी राहत होते आणि हे दुसऱ्याच कोणाची वाट बघत होते.

मार्चच्या पहिल्या रविवारी मी ठरवलं की याचा एकदाचा निकाल लावायचा. म्हटलं, आज मीही आत बसणार.  डॉक्टरांनी माझ्यासाठी एक प्लॅस्टिकची बादली पालथी घातली. दोघं आत शिरलो. बाहेर कोणीच जाणार नव्हतं. माझं गणित सरळ होतं. दोघांना आत शिरताना पक्ष्यांनी बघितलंय, बाहेर कोणी पडलेलं नाही, तेव्हा पक्षी जवळ येणार नाहीत. ते आले नाहीत की मी डॉक्टरांना म्हणणार होते, बघा, तुमच्या मनाचे खेळ.

डॉक्टरांनी कॅमेरा लावला. मग मागे वळून चेन वरपर्यंत उघडली, पडदा हाताने बाजूला धरला, आणि थांबले. एखादी बाई साडी सावरून, गुडघ्यावर हात ठेवून उठायला जितका वेळ घेईल तितका वेळ. माझ्या पायांवरून गार हवा गेली. सकाळचा वारा होता, दुसरं काय असणार. त्यांनी पडदा सोडला आणि चेन लावली. ते स्वतः बाहेर बघत नव्हते; त्यांचा डोळा तोवर कॅमेऱ्याला लागला होता.

कापडाला बाजूलाही एक फट होती. मी तिथून बघत होते. लालपाये लांब, पाण्याच्या कडेला उतरलेले. पंधरावीस असतील. सगळे ताठ उभे, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. कोणी चोच खाली घालत नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं, बरोबर आहे माझं.

मग एकाची मान डावीकडे वळली. मग दुसऱ्याची. मग सगळ्यांच्या. मांडवातून नवरी निघाली की बायकांच्या माना जशा तिच्याबरोबर वळत जातात, तशा त्या माना हळूहळू वळत चालल्या होत्या, आमच्या लपणापासून ओहळाच्या काठाने बांधाकडे. ज्याच्याकडे ते बघत होते ते सावकाश चालत होतं. निम्म्या वाटेत माना थबकल्या. तिथे ओहळावर एक फळी टाकलेली आहे. सुलक्षणाताई तिथे दर वेळी थांबून गुडघा चोळायच्या. कधीमधी त्यांना सोबत म्हणून मी गाडीत बसायला यायचे, तेव्हा बांधावरून किती वेळा बघितलं होतं. क्षणभराने माना पुन्हा वळायला लागल्या, बांधापर्यंत गेल्या, आणि तिथे काहीतरी दिसेनासं झाल्यासारख्या सुटल्या. सगळ्यांनी चोची खाली घातल्या आणि ते चरायला लागले.

 मी मागचा पडदा उघडून बघायला हवं होतं, पण माझी छाती झाली नाही.

भरतीबरोबर ते पुढे आले. इतके जवळ, की चिखलातून निघणाऱ्या चोचीचा ओला आवाज ऐकू येत होता. एक तर माझ्या फटीच्या समोरच आला. डोळ्याभोवती पांढरी कड, आणि त्या लाल पायांवर बारीक खवले. त्याने एक किडा ओढून काढला, चिखल लागला म्हणून पाण्यात बुचकळून धुतला, आणि मग गिळला. इतकी सुंदर गोष्ट मी या देशात पाहिली नव्हती. भीती विसरून मी बघत राहिले. आणि मग मला एकदम सुलक्षणाताईंची आठवण आली, आणि असा संताप आला की विचारू नका.

लपणात ओरडता येत नाही. आम्ही कुजबुजत भांडलो.

"डॉक्टर, ताईंना कधी इथे बसवलंत?"

"ती कशाला बसेल? दोन मिनिटं गप्प राहवत नाही तिला."

"एकदाही नाही? इतक्या वर्षांत?"

"तिने कधी म्हटलं नाही."

"मला म्हणाल्या होत्या," मी म्हटलं. "गणपतीला, मोदक वळताना. म्हणाल्या, ह्यांच्या खुर्चीत बसून एकदा त्या भोकातून बघायचंय मला. पण मी बसले तर चालत कोण जाणार? ह्यांना जमायचं नाही ते."

डॉक्टरांचा डोळा कॅमेऱ्यावरून निघाला. ते माझ्याकडे वळले, लेन्सचं तोंड भोकात हललं, आणि त्याबरोबर सगळे लालपाये किंचाळत उडाले. समोर नुसता चिखल राहिला. डॉक्टर त्या चिखलाकडे बघत म्हणाले, मी तिला फोटो दाखवायचो की गं.  फोटो दाखवायचे म्हणे.

त्या आठवड्यात त्यांचा फोन आला नाही. शनिवारी संध्याकाळी आला. म्हणाले, उद्या सकाळी ये, पण खाली उतरू नकोस, बांधावरच दुर्बीण घेऊन थांब. मी कॅलेंडर बघितलं. अमावास्या नुकतीच झाली होती, वर्षातलं मोठं उधाण. मी म्हटलं, उद्या नको. ते म्हणाले, उद्याच.

रविवारी मी पोचले तेव्हा ते लपण उभं करत होते. त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता. कॅमेऱ्याचं तिकाटणंही नव्हतं. पातळ धुकं होतं, पण लपण स्पष्ट दिसत होतं. ते आत शिरले. मला वाटलं, निरोप घेत असतील, घेऊ दे. थोड्या वेळाने पडदा उघडला आणि डॉक्टर स्वतःच बाहेर आले. वळून त्यांनी चेन खालपर्यंत नीट लावली. आणि ते बांधाकडे चालायला लागले.

त्यांना खरंच जमत नव्हतं. आयुष्यभर बसलेला माणूस, चालताना हातांचं काय करायचं हेच कळत नव्हतं. मान आखडलेली होती, मागे वळायचं नाही म्हणून. फळीवर त्यांचा पाय घसरला. मी पक्ष्यांवर दुर्बीण लावली. त्यांच्या माना डॉक्टरांच्या बरोबरीने वळत होत्या, फळीशी थबकत, ओहळाच्या काठाने, बांधापर्यंत. डॉक्टर वर आले आणि माझ्या शेजारी, समुद्राकडे पाठ करून उभे राहिले.

एक माणूस आत गेला, एक बाहेर आला. लपण रिकामं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि आता तर पक्ष्यांच्या कच्च्या गणितानेही ते रिकामंच असायला हवं होतं.

"बसले का?" डॉक्टरांनी विचारलं.

बसले नव्हते. एकाचीही चोच खाली गेली नव्हती. सगळ्या माना बांधावरून परत फिरल्या होत्या आणि लपणावर खिळल्या होत्या. आत कोणीतरी आहे हे ठाऊक असल्यासारखे ते ताठ उभे होते.

"नाही," मी म्हटलं. "लपणाकडे बघतायत."

"हलत असेल," डॉक्टर म्हणाले.

 डॉक्टर अगदी साध्या आवाजात बोलत होते. म्हणाले, ती खुर्ची कुरकुरते, अंग जरा सैल सोडावं लागतं, पहिल्यांदा बसणाऱ्याला वेळ लागतो. मग ते बांधाच्या अलीकडच्या उतारावर गवतात बसले. तिथून त्यांना काहीच दिसत नव्हतं. चालत गेलेल्या माणसाला काहीच दिसत नसतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं. ते मला विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. एकाने चोच घातली. दोघं पुढे आलेत. आता सगळे चरतायत. आता अगदी जवळ आलेत, डॉक्टर, तुमच्यासाठीसुद्धा इतके जवळ आले नव्हते. भोकासमोर दोन हातांवर आहेत. प्रत्येक वाक्याला ते मान डोलवत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

मग भरती आली. आधी मागच्या ओहळात, मग फळीवरून. लपणाच्या आणि आमच्या मधलं गवत बघता बघता पाण्यात उभं राहिलं. मी सांगायच्या आधीच डॉक्टरांना आवाजावरून कळलं. ते उठले.

"आता आणायला हवं तिला."

मी म्हटलं, पाणी चढलंय, आता जाता येणार नाही. ते ऐकेनात. बांध उतरून घोटाभर पाण्यात गेले. मी धावत जाऊन त्यांची बाही धरली.

"सोड मला. तिला काय माहीत? ती तशीच बसून राहील. कोणी आणायला गेलं नाही तर ती कशी येणार गं?"

माझ्या शाळेतल्या गणिताने या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. लपणात कोणी नाही असं मी म्हणू शकले असते. चांगलं ठणकावून म्हणू शकले असते, तेच माझं काम होतं, त्यासाठीच मी दोन महिने गारठत होते. पण समोर ते पक्षी होते. पाणी वाढलं की ते उडून जातात, उंच जागा शोधतात. त्या दिवशी गेले नव्हते. लपणाच्या चारी बाजूंनी पोटाला पाणी लागेपर्यंत उभे होते, शांत, तोंडं भोकाकडे करून.

"डॉक्टर," मी म्हटलं, "बघू द्या ना ताईंना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग लपणाकडे बघितलं. माझ्या हातातली बाही ओढ घेत होती, ती ढिली पडली. आम्ही मागे सरलो आणि बांधावर जाऊन उभे राहिलो. पाणी कापडाला लागलं, कापड फुगलं, एक काठी कलली, मग दुसरी. तेव्हा कुठे लालपाये उडाले. ते ओरडल्याशिवाय कधी उडत नाहीत. त्या दिवशी एकानेही आवाज केला नाही. हिरवं कापड थोडा वेळ पाण्यावर दिसत होतं, मग धुक्यात कुठे गेलं ते कळलं नाही.

गाडीकडे वळताना डॉक्टर म्हणाले, "बघितलं असेल ना तिने?"

"सगळं," मी म्हटलं.